रहाड कोण उघडतं?

पंचवटीतून एका आईचे पत्र आले आहे. त्या लिहितात : "माझी मुलगी सातवीत, सेमी इंग्रजीला आहे. यंदा इंग्रजीच्या नव्या बाई दर महिन्याला एक सण घेऊन शिकवतात. ऑक्टोबरात हॅलोवीन झाले, पुढे थँक्सगिव्हिंग आणि नाताळ आहे. वर्कबुकातल्या गाळलेल्या जागांत तिला 10 पैकी 9 गुण मिळतात, पण 'आमच्या गावचा सण' या निबंधाला 10 पैकी 3 मिळाले. तिने रंगपंचमीवर लिहिले होते : 'इन नाशिक रंगपंचमी इज प्लेइंग. रहाड इज ओपन अँड पीपल इज जम्पिंग. लास्ट इयर माय ब्रदर ऑल्सो जम्प.' सासूबाईंचे म्हणणे असे की भुताखेतांचे मुखवटे घालून इंग्रजी येत नसते. ह्यांचे म्हणणे, दिवाळीच्या सुट्टीत ग्रामरचा क्लास लावावा. मी स्वतः मराठी माध्यमात शिकले, त्यामुळे तिचे लिखाण मला तपासता येत नाही. काय करावे?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मुलीची तीन वाक्ये तुम्ही जशीच्या तशी उतरवून पाठवलीत, हे फार बरे केलेत. पालकांच्या पत्रांत एरवी "इंग्रजी कच्चे आहे" एवढेच असते आणि त्यावरून काहीच कळत नाही. ही वाक्ये वाचून मला पहिल्यांदा वाटले ते असे, की या मुलीला सांगायचे काय आहे ते पक्के ठाऊक आहे. शनी चौकातली रहाड, म्हणजे रंगपंचमीला रंगाच्या पाण्याने भरतात तो जमिनीतला हौद, तिने पाहिलेली आहे, भावाने त्यात मारलेला धप्पा, म्हणजे उडी, पाहिलेली आहे. अडते आहे ते वेगळ्याच ठिकाणी.

आधी 9 आणि 3 या दोन आकड्यांचे पाहू, कारण तुमच्या घरातला सगळा वाद त्यांच्यातूनच निघाला आहे. वर्कबुकाच्या ज्या पानावर गाळलेल्या जागा असतात, त्या पानाच्या डोक्यावर 'सिंपल पास्ट' किंवा 'पॅसिव्ह व्हॉइस' असे ठळक छापलेले असते, कंसात क्रियापदही दिलेले असते आणि मुलांनी फक्त त्याचे रूप बदलायचे असते. म्हणजे कोणता काळ हवा, कोणता प्रयोग हवा, कर्ता कोण, हे सगळे ठरवण्याचे काम पुस्तकाने आधीच उरकलेले असते. निबंधाच्या कोऱ्या पानावर यातले काहीही नसते आणि तिथे प्रत्येक क्रियापदाला मुलीला स्वतः ठरवावे लागते. तिचे 9 गुण खोटे नाहीत. ते रूप बदलण्याचे गुण आहेत आणि निवड करण्याचा सराव तिला कोणी दिलेलाच नाही. सुट्टीतला क्लास बहुधा पहिल्या प्रकारचाच सराव आणखी देईल, आणि मग 9 चे 10 होतील व 3 चे 3 च राहतील.

आता ती वाक्ये. 'रंगपंचमी इज प्लेइंग' हे वाचून हसू येईल, पण ते कुठून आले ते पाहा. मराठीत आपण "नाशकात रंगपंचमी खेळतात", "रहाड उघडतात", "रथ ओढतात" असे सहज म्हणतो. कोण खेळतात, कोण उघडतात, हे सांगायची गरज मराठीला वाटत नाही, क्रियापदाचे अनेकवचन तेवढे पुरते. इंग्रजीला मात्र कर्त्याची जागा रिकामी चालत नाही. तिथे एकतर 'पीपल' बसवावे लागते किंवा रहाडीलाच कर्त्याच्या जागी आणून 'द रहाड इज ओपन्ड' म्हणावे लागते. तुमच्या मुलीने रंगपंचमीला कर्त्याच्या जागी बसवले, म्हणजे तिचे अर्धे काम बरोबर झाले होते. पुढे 'इज' आले आणि 'इज' च्या मागे 'आयएनजी' लावायची हाताला सवय असल्यामुळे 'सेलिब्रेटेड' च्या ऐवजी 'प्लेइंग' पडले. 'रहाड इज ओपन' हे तर व्याकरणाने चूकच नाही. फक्त त्याचा अर्थ "रहाड उघडी आहे" असा होतो आणि तिला म्हणायचे होते "रहाड उघडली जाते". एका 'एड' चा फरक आहे, पण तो फरक समजावायला रहाडीइतके चांगले उदाहरण मला माझ्या नोकरीच्या सगळ्या वर्षांत सुचले नव्हते, हे कबूल करते.

याचे कारण रहाडच तशी आहे. वर्षभर ती दिसत नाही. लाकडी फळ्या टाकून, वर माती लोटून ती बुजवलेली असते आणि त्यावरून रोज माणसे व गाड्या जातात. रंगपंचमीच्या आधी ती खणून उघडतात, साफ करतात, पाण्याने भरतात, रंग कालवतात, पूजा करतात आणि मगच पहिला धप्पा पडतो. पेशवेकाळापासूनची ही रीत मानली जाते. यातली एकेक क्रिया इंग्रजीत सांगू गेलात तर 'इज कव्हर्ड', 'इज ओपन्ड', 'इज क्लीन्ड', 'इज फिल्ड' अशी रांग आपोआप लागते, कारण इथे कोण करते याला महत्त्व नाही, काय केले जाते याला आहे. इंग्रजीतला 'पॅसिव्ह व्हॉइस' नेमका अशाच वेळी लागतो. वर्कबुकात मात्र 'रामा ईट्स अ मँगो' याचे 'अ मँगो इज ईटन बाय रामा' करून घेतात, जे कोणीही शहाणा माणूस आयुष्यात कधी बोलणार नाही.

जाता जाता एक सावधगिरीही सांगते. मराठी व्याकरणाच्या तासाला "आईने करंज्या केल्या" हा कर्मणी प्रयोग म्हणून शिकवतात आणि ते बरोबरच आहे, कारण क्रियापद करंज्यांप्रमाणे चालते. हेच वाक्य इंग्रजीत साधे 'मदर मेड करंजीज' होते, 'वेअर मेड' नव्हे. मुले "कर्मणी म्हणजे पॅसिव्ह" असे समीकरण पाठ करतात आणि फसतात. तुमच्या मुलीला एकदा दोन्ही वाक्ये शेजारी लिहून दाखवा. तुम्ही मराठी माध्यमातल्या असल्यामुळे ही गोष्ट तुम्हाला तिच्या बाईंपेक्षाही अधिक स्वच्छ समजेल.

आणि इथेच तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आहे. तिचे इंग्रजी तपासायला तुम्हाला इंग्रजी बोलता यायलाच हवे असे नाही. तिने लिहिलेले पान तिला मोठ्याने वाचायला सांगा आणि प्रत्येक वाक्याला मराठीतून एवढेच विचारा : कोण? दर वर्षी, की गेल्या वर्षी, की आत्ता? एकच, की पुष्कळ? 'पीपल इज जम्पिंग' ला तुम्ही "लोक एक की अनेक?" असे विचारलेत की 'इज' कुठे चुकले ते तिचे तिलाच कळेल. आणि "आत्ता उड्या मारताहेत का?" असे विचारलेत की दर वर्षीच्या रीतीला 'जम्पिंग' नको, साधे 'जम्प' हवे, हेही उमजेल. 'लास्ट इयर माय ब्रदर जम्प' ला "भाऊ उडी मारतो की मारली?" असे विचारा. मराठीत ती "मारली" च म्हणेल, मग इंग्रजीतही क्रियापद बदलायला हवे हे तिला पटेल. 'लास्ट इयर' लिहिले म्हणजे काळ सांगून झाला अशी तिची समजूत झालेली दिसते आणि ती फार मुलांची असते. 'अ' आणि 'द' चा घोळ मात्र एवढ्याने सुटणार नाही, कारण मराठीत ती चीजच नाही. त्यासाठी सध्या एकच गोष्ट सांगा की पहिल्यांदा ओळख करून देताना 'अ' आणि त्यानंतर तीच वस्तू पुन्हा आली की 'द'. 'देअर इज अ रहाड इन शनी चौक. द रहाड इज ओपन्ड एव्हरी इयर.' पुढचे बारकावे आठवीत पाहता येतील.

आता सासूबाई. त्यांचे निम्मे मला पटते. चेटकिणीचा पोशाख भाड्याने आणून वर्गात मिरवणे म्हणजे इंग्रजी नव्हे, त्यात खर्च आहे आणि भाषा शून्य आहे, आणि बाईंनी पोशाख सक्तीचा केला असेल तर तुम्ही जरूर नकार द्या. परंतु हॅलोवीनबद्दल वाचायला काय हरकत आहे? 31 ऑक्टोबरची ती रात्र म्हणजे 1 नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणाची आदली संध्याकाळ, आणि 2 नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा दिवस. सासूबाईंना हे सांगितलेत तर सर्वपित्री अमावस्या त्यांना लगेच आठवेल. दोन्ही एकच आहेत असे मी म्हणत नाही. आपल्याकडे पितरांना पान वाढतात, तिकडे मुले दारोदार गोळ्या मागत फिरतात. पण मुलीने हे सारखेपण आणि वेगळेपण तीन-चार वाक्यांत लिहिले तर 'बोथ', 'बट', 'अनलाइक' हे शब्द तिला कामाला लावावे लागतील, आणि तुलनेचे व्याकरण याहून सोप्या वाटेने येत नाही.

नाताळ तर नाशिककरांनी परका मानायचे काहीच कारण नाही. शरणपूर ही वस्तीच मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात वसवलेली आहे आणि नाशिकरोडला फेब्रुवारीत बाळ येशूची यात्रा भरते तेव्हा सर्व धर्मांची माणसे तिथे रांगेत उभी असतात. शरणपूरला गुलामीतून सोडवून आणलेली आफ्रिकी मुलेही शिकत असत. त्यांतला एक, जेकब वेनराइट, प्रसिद्ध मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन 1873 साली आफ्रिकेत वारला तेव्हा त्याच्या तांड्यात होता. त्याने त्या प्रवासाची रोजनिशी लिहिली आणि 1874 साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेतल्या अंत्यविधीला तो हजर होता. तुम्ही पत्रात 'मराठी माध्यमात शिकले' हे जरा खाली मान घालून लिहिल्यासारखे वाटले म्हणून हे सांगितले. ज्याची मातृभाषा इंग्रजी नव्हती असा एक मुलगा आपल्या गावच्या शाळेत शिकून गेला आणि डोळ्यांदेखत घडलेले लिहून ठेवू शकला.

परक्या सणांचा खरा धोका सासूबाई म्हणतात तो नाही, दुसराच आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी मी नववीच्या वर्गाला 'मी नाताळची सुट्टी कशी घालवली' असा निबंध दिला होता. देवळालीला राहणाऱ्या एका मुलाने अंगणात बर्फ साचल्याचे, धुराड्यातून सांताक्लॉज उतरल्याचे आणि टर्की भाजल्याचे सुरेख वर्णन केले होते. एकही चूक नव्हती. मी त्याला विचारले, "घरी खरंच काय केलंस?" तर म्हणाला, "मामाच्या मळ्यात गेलो होतो निफाडला, रात्री द्राक्षबागेत शेकोट्या पेटवल्या थंडीपायी." म्हणजे त्याच्याजवळ त्या पाठ केलेल्या निबंधापेक्षा कितीतरी सरस हिवाळा होता. निफाडचा पारा उतरतो, द्राक्षाचा घड वाचवण्यासाठी बागेत धूर करावा लागतो, 'फ्रॉस्ट' हा शब्द त्याने पहाटे पायांनी अनुभवलेला होता, पण तो इंग्रजीत सांगण्याजोगा आहे असे त्याला कोणी सांगितले नव्हते. तेव्हापासून मी एक पथ्य पाळत आले. परका सण मुलांनी वाचायचा आणि ऐकायचा, त्यातले शब्द आणि वाक्यांच्या चाली उचलायच्या, पण लिहायची वेळ आली की त्या चालीत आपला सण बसवायचा. बाईंचे थँक्सगिव्हिंगचे पान येईल तेव्हा तुम्ही घरी हेच करा. अमेरिकेत तो नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी आणि कॅनडात ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी असतो, घरचे सगळे जेवायला जमतात, पिकाबद्दल आभार मानतात, एवढे त्या पानावर असेल. तीच वाक्ये समोर ठेवून मुलीला पोळ्यावर किंवा नव्या पिकाच्या दिवशी गावी काय करतात त्यावर पाच वाक्ये लिहू द्या.

तारखांवरून आठवले. 'ॲट', 'ऑन', 'इन' यांत तुमची मुलगी नक्की चुकत असणार, कारण मराठीत "दिवाळीला", "दिवाळीत", "दिवाळीच्या दिवशी" यांपैकी काहीही म्हटले तरी चालून जाते. इंग्रजीत महिना आला की 'इन', नेमका दिवस आला की 'ऑन', आणि सणाचे दिवस मिळून एक काळ म्हटला की 'ॲट' : 'इन डिसेंबर', 'ऑन ख्रिसमस डे', 'ॲट ख्रिसमस'. हे पाठ करण्यापेक्षा भिंतीवरचे कॅलेंडर काढून घ्या आणि तिला सासूबाईंच्या शेजारी बसवा. संक्रांत दर वर्षी जानेवारीच्या मध्यालाच का येते आणि दिवाळी महिनाभर मागेपुढे का होते, हे आजी नातीला मराठीत सांगतील. नाताळ संक्रांतीसारखा सूर्याच्या वर्षाला बांधलेला आहे. ईस्टर मात्र चंद्र बघतो, चर्चच्या गणनेप्रमाणे 21 मार्चच्या किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेपुढचा रविवार तो ईस्टर, म्हणून तो 22 मार्चपासून 25 एप्रिलपर्यंत कुठेही पडतो. परक्या सणांवर रागावलेल्या आजींना तिकडचे लोकही पौर्णिमा बघूनच सण ठरवतात हे कळले, तर माझ्या अंदाजाने त्यांचा निम्मा राग उतरेल. नात ते इंग्रजीत लिहील तेव्हा 'द फर्स्ट संडे आफ्टर द फुल मून' अशी वाक्ये तिच्या हातून उतरतील आणि 'फर्स्ट' च्या आधी 'द' लागतो हे वेगळे शिकवावे लागणार नाही.

'सुट्टी' या शब्दाबद्दलही तिच्याशी बोलून घ्या. आपण शाळेची मधली सुट्टी, रविवारची सुट्टी, दिवाळीची सुट्टी आणि बाबांनी कचेरीतून काढलेली सुट्टी, सगळ्यांना एकच शब्द वापरतो. इंग्रजीत त्यांना अनुक्रमे 'रीसेस', 'डे ऑफ', 'हॉलिडेज' किंवा 'व्हेकेशन' आणि 'लीव्ह' असे वेगवेगळे शब्द आहेत. शिवाय 'हॉलिडे' चे मूळ 'होली डे', म्हणजे पवित्र दिवस, असे असले तरी आज सणाला 'फेस्टिव्हल' म्हणायचे. तुमच्या मुलीने कुठे ना कुठे 'दिवाळी इज माय फेव्हरिट हॉलिडे' लिहिलेले सापडेल. अमेरिकेत ते खपेल, आपल्याकडे त्याचा अर्थ तिला फराळापेक्षा शाळा बंद असण्यात रस आहे असा निघेल. अर्थात तेही खरे असू शकते.

तेव्हा या दिवाळीत क्लास लावू नका. दोनशे पानी वही आणा, रोज अर्धा तास ठरवा आणि एकच प्रसंग चार दिवस चार तऱ्हांनी सांगायला लावा. समजा चकल्या घेतल्या. पहिल्या दिवशी, आमच्याकडे दर वर्षी चकल्या कशा होतात. दुसऱ्या दिवशी, यंदा कशा झाल्या, म्हणजे त्यात सोऱ्या अडकला, पहिला घाणा विरघळला, हे सगळे भूतकाळात येईल. तिसऱ्या दिवशी, पुण्याच्या मावसबहिणीला कृती कळवायची आहे, म्हणजे 'टेक', 'मिक्स', 'फ्राय' अशी आज्ञार्थी वाक्ये आली. चौथ्या दिवशी, ज्याने जन्मात चकली पाहिली नाही अशा माणसाला ती काय असते ते सांगायचे. हा चौथा दिवस सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचा आहे. नैवेद्य, उटणे, ओवाळणे यांना इंग्रजीत तयार शब्द नाहीत, म्हणून मुलीला 'नैवेद्य इज फूड व्हिच इज ऑफर्ड टू गॉड बिफोर एनीवन ईट्स' असे लांब वाक्य जोडावे लागेल, आणि 'व्हिच' ने जोडलेले वाक्य तिने गरजेपोटी एकदा केले की ते तिचे झाले. शब्द अडला तर मराठी शब्द तसाच लिहू द्या, त्यासाठी तिला मोबाइलमध्ये भाषांतर शोधायला बसवू नका.

एका पानावर एकाच जातीची चूक दुरुस्त करायची, बाकीच्या तशाच राहू द्यायच्या. लाल पेनाने भरलेले पान मूल दुसऱ्यांदा वाचत नाही, हे मी स्वतः अनेक वर्षे लाल पेन चालवल्यावर शिकले.

डिसेंबरात आणखी एक काम तिला द्या. सराव म्हणून आपण मुलांना फक्त उत्तरे लिहायला लावतो, प्रश्न विचारायला कधी शिकवतच नाही, त्यामुळे दहावीच्या मुलालाही 'व्हेन यू पुट द स्टार?' याच्या मध्ये 'डू' घालायचे सुचत नाही. तिच्या वर्गात किंवा ओळखीत एखादे ख्रिस्ती कुटुंब असेलच. त्यांच्या घरी जाण्याआधी दारावरची चांदणी कधी लावतात, केक कोण करते, मध्यरात्री चर्चला कोण कोण जाते, असे दहा प्रश्न तिने इंग्रजीत लिहून न्यावेत. बोलणे तिथे मराठीतच होईल, होऊ दे. घरी आल्यावर उत्तरे पुन्हा इंग्रजीत लिहायची.

तुमच्या यजमानांना गुणांची काळजी असेल तर त्यांना एवढे दाखवा की दहावीच्या सध्याच्या आराखड्यात इंग्रजी तृतीय भाषेच्या 80 गुणांच्या लेखी परीक्षेत भाषाभ्यासाचा स्वतंत्र प्रश्न 10 गुणांचा आहे आणि लेखनकौशल्याचा त्याच्या दुप्पट, 20 गुणांचा. बाकी मुख्यतः उतारे आणि कविता. नुसत्या ग्रामरच्या क्लासची फी त्या 10 गुणांपायी भरायची की नाही, हे त्यांनी ठरवावे. मार्चपर्यंत असे करूनही तिची वाक्ये जशीच्या तशीच राहिली, तर मात्र मीच तुम्हाला चांगल्या शिक्षकाकडे पाठवायला सांगेन, कारण काही मुलांना घरच्या माणसासमोर चुकायला लाज वाटते आणि त्यात आईचा दोष नसतो.

बाईंनाही एकदा भेटा, पण तक्रार घेऊन जाऊ नका. सणांतून शिकवण्याची त्यांची कल्पना चांगली आहे, फक्त त्यांच्या वर्षभराच्या यादीत रंगपंचमी आणि चैत्रातली रामरथ-गरुडरथाची यात्रा दिसत नाही. रामरथापुढे मानकरी रथाकडे तोंड करून उलट्या पावलांनी चालतात, हे सातवीच्या वर्गाने इंग्रजीत कसे सांगायचे, एवढा एकच प्रश्न त्यांच्यासमोर ठेवा. 'बॅकवर्ड्स' हा शब्द त्या वर्गात कोणी पुन्हा विसरणार नाही.